शस्त्रक्रियेनंतरची सायंकाळ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला या संमेलनात बोलण्यास पाचारण केले, तेव्हा 'आहार आणि आरोग्य' असा प्रशस्त विषय सुचविला होता. त्याचा विस्तार इतका आहे की, अर्ध्या तासात त्याच्या वेशीपर्यंतही पोहोचता यावयाचे नाही. म्हणून मी त्यातील एक लहानसा कोपरा मागून घेतला. वजन उतरविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाची सायंकाळ, म्हणजे दिवेलागणीपासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंतचा काळ, आणि त्या काळातील त्याचे खाणे, एवढाच आजचा विषय आहे.

कोणी म्हणेल, हा तर मोजक्या रोग्यांचा आणि त्यांच्या डॉक्टरांचा प्रश्न. तो भरसभेत कशाला? माझे उत्तर असे की, रोगी माझ्या खोलीत एकटा येतो, परंतु रात्री जेवतो तो घरच्या माणसांत. सकाळची न्याहारी आणि दुपारचा डबा त्याच्या मुठीत असतात. सायंकाळ मात्र साऱ्या घराची असते. तेव्हा आज मी जे बोलणार आहे, त्यातील निम्मे शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी आणि निम्मे, किंबहुना थोडे अधिकच, त्यांच्या पंक्तीला बसणाऱ्यांसाठी आहे. या सभागृहातही अशी शस्त्रक्रिया झालेली काही मंडळी असतील आणि त्यांतील काहींनी ती गोष्ट सख्ख्या चुलत्यालाही सांगितलेली नसेल. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी अगदी थोडक्यात. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील शल्यवैद्यांनी आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न पुढे नेण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तिचे दुष्परिणाम फार झाल्यामुळे ती मागे पडली. १९६६ साली आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराचाच लहानसा कप्पा करून तो आतड्याला जोडण्याची पद्धत सुरू केली. आजची 'बायपास' शस्त्रक्रिया त्याच वंशातील होय. आपल्याकडे सांप्रत अधिक प्रचार आहे तो 'स्लीव्ह' या शस्त्रक्रियेचा. तीत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. बायपासमध्ये उरणारा कप्पा तर सुमारे ३० मिलिलिटरचा, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढा असतो. याने केवळ जागा कमी होते असे मात्र समजू नये. जठराच्या वरच्या फुगीर भागात 'घ्रेलिन' नावाचे भूक चेतविणारे द्रव्य तयार होते. स्लीव्हमध्ये तो भागच निघून जातो. शिवाय जेवणानंतर तृप्तीचा निरोप मेंदूकडे नेणारी आतड्यातील द्रव्ये दोन्ही शस्त्रक्रियांनंतर अधिक स्रवू लागतात. त्यामुळे पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. माणसाला वाटते, आपण जन्माचे सुटलो.

आणि वर्ष-दीड वर्षाने भूक परत येते.

या बाबतीत स्वीडन देशातील एका अभ्यासाचे आकडे बोलके आहेत. १९८७ साली सुरू झालेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचा अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरीने ३२ टक्के उतरले. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा घट २५ टक्के उरली होती. याचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही खरे आहेत. उतरलेल्या वजनाचा फार मोठा भाग दहा वर्षे टिकला, म्हणून 'काही उपयोग होत नाही, सगळे परत येते' अशी जी कुजबुज आपण समारंभांतून ऐकतो, ती निराधार आहे. तथापि काही भाग परत येतो, हेही तितकेच खरे. तो कोणत्या वाटेने येतो? याला शरीरातील कारणेही आहेत. शरीर कमी खर्चात भागवावयास शिकते, जठराची नळी काळाने किंचित सैल होते. परंतु रोग्याने आठवडाभर लिहून आणलेली खाण्याची वही उघडली, की मला बहुधा एकच चित्र दिसते. सायंकाळी सहापर्यंत पान जवळजवळ कोरे असते आणि सहानंतर ओळींवर ओळी असतात.

असे का व्हावे? रोगी स्वतःवर चरफडतात. 'दिवसभर मी इतकी संयमाने राहते, आणि रात्र झाली की माझ्यात कोण शिरते कळत नाही,' असे एका भगिनीने मला सांगितले होते. तिला मी सांगितले तेच येथे सांगते. २०१३ साली काही अमेरिकन संशोधकांनी बारा निरोगी माणसांना मंद प्रकाशाच्या खोल्यांत ठेवून, दिवस-रात्रीची जाणीव पुसून टाकून, त्यांची भूक मोजली. झोप व जेवण यांचा परिणाम वगळल्यावर असे दिसले की, शरीरातील घड्याळाप्रमाणे भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत मंद आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत तीव्र असते; गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची ओढही तेव्हाच अधिक असते. ही माणसे शस्त्रक्रिया झालेली नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु त्या घड्याळावर शल्यवैद्याची सुरी चालत नाही. सायंकाळच्या भुकेला चारित्र्याचा दोष समजण्याचे कारण नाही. ती येणार हे धरूनच तिची व्यवस्था करावयाची असते.

आता आपल्या घरची सायंकाळ पाहा. माणूस कर्जत-कसाऱ्याच्या गाडीला लोंबकळून साडेसातला घरी येतो. दुपारी डब्यातील पोळीचे दोन तुकडे कसेबसे गेलेले असतात, कारण वरिष्ठांनी बोलावले होते. घरात पाऊल टाकताच चहा, चहाबरोबर खारी अथवा बिस्किटे, आणि समोर फरसाणाचा डबा. मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे, दूरचित्रवाणीवरील मालिका, आणि मग साडेनवाला पाने घेतली जातात. जेवणानंतर 'काहीतरी गोड' म्हणून एक तुकडा. अकराला झोप येत नाही म्हणून दूध. या साडेतीन तासांत त्याने एकदाही पोटभर असे खाल्लेले नसते, आणि तरीही दिवसभराच्या गरजेहून अधिक त्याच्या पोटात गेलेले असते.

येथेच शस्त्रक्रियेनंतरच्या अतिआहाराचे वेगळेपण आहे. आपल्या कल्पनेतील खादाड मनुष्य परातभर जेवतो. लहान जठराच्या माणसाला ते शक्यच नसते. दोन घास जास्त झाले तर छातीच्या मध्यभागी दाटून येते, उचकी लागते, नाकातून पाणी येते, प्रसंगी उलटी होते. म्हणून त्याचा अतिआहार रूप पालटतो. तो चरू लागतो. गुरे जशी कुरणात थोडे थोडे सतत खात राहतात, तसे मूठभर चिवडा, अर्धी चकली, चमचाभर आइस्क्रीम असे तासन्तास चालते. हे पदार्थ मऊ होऊन अथवा विरघळून जठराच्या नळीतून झरझर खाली उतरतात, आणि 'पुरे' असे सांगणारा दाब निर्माणच होत नाही. घट्ट उसळीची अर्धी वाटी ज्या जठराला जड होते, त्याच जठरातून पाव किलोचा चिवड्याचा पुडा एका सायंकाळी सुखाने निघून जातो. त्या पुड्यात बाराशेच्या वर कॅलरी असतात. इतक्या कॅलरी पहिल्या वर्षात कित्येक रोग्यांच्या संपूर्ण दिवसाच्या आहारातही नसतात. मऊ गुरगुट्या भाताची आणि वरणाची गोष्ट चिवड्याइतकी वाईट नाही. पण 'हलके आहे' म्हणून रात्री केवळ तेच खाणारा मनुष्य तासाभरात पुन्हा स्वयंपाकघरात दिसतो.

उपाय सांगताना मी सायंकाळपासून सुरुवात करीत नाही, सकाळपासून करते. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दिवसाला साधारणतः ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात ती सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम आणि शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅमच्या आसपास असतात. लहान जठरात हा हिशेब एका बैठकीत बसूच शकत नाही; तो चार-पाच वेळांत वाटावा लागतो. ज्याने तो दिवसा वाटला नाही, त्याचे शरीर रात्री वसुली करते. 'आज मी सहा वाजेपर्यंत काहीच खाल्ले नाही,' असे रोगी मोठ्या अभिमानाने सांगतो, तेव्हा मला त्या रात्रीची काळजी वाटू लागते. सकाळी मुगाचे धिरडे व दही किंवा दोन अंडी. अकराला दूध अथवा ताक. दुपारी प्रथम उसळ, मासे किंवा पनीर आणि मग पोळी. आणि, हे सर्वांत महत्त्वाचे, सायंकाळी पाच-साडेपाचला, गाडीत चढण्यापूर्वी, काहीतरी ठरलेले खाणे. उकडलेले अंडे, पनीरचे चार तुकडे, किंवा शस्त्रक्रियेला पुरेसे महिने झाले असतील तर नीट चावून खाल्लेले मूठभर फुटाणे. घरी पोहोचणारा मनुष्य भुकेने व्याकूळ नसला, तर फरसाणाच्या डब्याशी त्याचा झगडा निम्म्याने सोपा होतो.

मग रात्रीचे पान. शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटलेल्या बहुतेकांना एका वेळी एक ते दीड वाटी घन अन्न पुरते. अर्थात् प्रत्येकाचे प्रमाण त्याच्या शल्यवैद्याने व आहारतज्ज्ञाने ठरवून दिलेले असते, आणि तेच त्याने मानावे. मला मौज वाटते ती ही की, वजनाच्या काट्यावर ग्रॅम मोजणाऱ्या सुशिक्षित मंडळींना आपल्या आजीची मापे आठवत नाहीत. भाकरीची चतकोर आणि चतकोराची नितकोर, हे शब्द आपल्या भाषेत होतेच. पानात नितकोर भाकरी, वाटीभर घट्ट पिठले किंवा मटकीची उसळ, दोन चमचे भाजी, बस्स. प्रथम उसळ संपवावी, मग भाजी, शेवटी भाकरी, आणि जागा उरली तरच भात. घास लहान, चावणे भरपूर, आणि जेवणाला वीस ते तीस मिनिटे. घशाखाली उतरविण्यासाठी मध्येमध्ये पाणी पिण्याची सवय मात्र सोडावी लागते; जेवणाबरोबर पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. पोट भरले असे वाटण्याच्या आधी, म्हणजे पुढचा घास नको-हवासा वाटेल तेव्हा, थांबावे. ती घडी ओळखावयास शिकणे ही खरी विद्या आहे आणि ती दूरचित्रवाणीसमोर कधीही साध्य होत नाही.

जेवणाची वेळ साडेनवावरून आठवर आणणे हे रोग्याच्या एकट्याच्या हाती नाही, ते घराच्या हाती आहे. शक्य नसेल तेथे त्याने आठला जेवून घ्यावे आणि साडेनवाला नुसते सोबत बसावे. यात घरातील वडीलधाऱ्यांचा अपमान होत नाही. एका घरी याच कारणावरून आठवडाभर अबोला होता, असे मला ठाऊक आहे. शेवटी आजोबाच आठला जेवू लागले आणि त्यांची स्वतःची रात्रीची आंबट ढेकर थांबली.

आता मी एका अशा गोष्टीकडे वळते, जिचा उल्लेख वैद्यकीय पुस्तकांत मला क्वचितच आढळला, पण जी आपल्या स्त्रियांच्या वह्यांत पानोपानी दिसते. ती म्हणजे जेवणानंतरची झाकपाक. घरातील सर्वांची पाने उठली, की गृहिणी ओट्यापाशी उभी राहते. पातेल्यात दीड पळी आमटी उरलेली असते, मुलाने टाकलेला अर्धा पराठा असतो, भाताची खरवड असते. 'अन्न टाकू नये' हा संस्कार आपल्यावर इतका खोल आहे की, ते उरलेसुरले ती उभ्याउभ्या संपवून टाकते, आणि हे खाणे तिच्या हिशेबात धरलेलेच नसते. तिला विचारले तर ती प्रामाणिकपणे सांगते, 'मी तर रात्री फक्त वाटीभर जेवले.' शस्त्रक्रियेपूर्वीही तिचे वजन बहुधा याच वाटेने वाढलेले असते. अन्नाची नासाडी होऊ नये, हे मला मान्य आहे. पण जे अन्न एका माणसाच्या शरीराला अपायकारक आहे, ते कचऱ्यात न टाकता त्या माणसात टाकले, तर नासाडी वाचली असे कसे म्हणावे? उरलेले शीतपेटीत जावे, सकाळी कोणीतरी न्यावे, आणि मुख्य म्हणजे झाकपाक घरातील दुसऱ्या कोणीतरी करावी. माझ्या सभोवार बसलेल्या तरुणांना आणि त्यांच्या वडिलांना उद्देशून मी हे बोलत आहे. ज्या घरी यजमानांनी रात्रीचा ओटा आवरण्याचे काम अंगावर घेतले, तेथे त्या भगिनीच्या वहीतील रात्रीच्या ओळी महिन्याभरात निम्म्यावर आल्याचे मी पाहिले आहे. औषधाची एक गोळीही त्यासाठी लागली नाही.

गोडाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यात एक फसवा फेरा आहे. विशेषतः बायपासनंतर साखर आतड्यात एकदम उतरते. जिलेबी, बासुंदी, श्रीखंड यांच्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात काहींना धडधड, घाम, पोटात कळा व जुलाब होतात. हा पहिला प्रकार निदान लगेच कळतो. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. साखर झपाट्याने चढल्यामुळे इन्शुलिन अधिक स्रवते, आणि मग रक्तातील साखर खाली कोसळते. साडेनवाला गोड खाल्लेला मनुष्य साडेअकराला थरथरत उठतो. त्याला वाटते, भूक लागली. तो पुन्हा गोड खातो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो. अशी लक्षणे वारंवार होत असतील, तर ती 'रात्रीची भूक' म्हणून अंगावर काढू नयेत. साखर मोजून पाहावी आणि डॉक्टरांस सांगावे. मधुमेहाची जुनी औषधे त्याच मात्रेत चालू असतील, तर हे अधिकच निकडीचे आहे, कारण शस्त्रक्रियेनंतर त्या मात्रा बहुधा कमी कराव्या लागतात.

याहून निराळी अशी एक व्याधी आहे. १९५५ साली डॉ. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन वैद्यांनी स्थूल रोग्यांतील रात्री खाण्याच्या एका विशिष्ट रीतीचे वर्णन केले. सकाळी अन्नावर वासना नसणे, सायंकाळनंतर खाणे वाढत जाणे, आणि झोप न लागणे, अशी तिची लक्षणे. पुढे तज्ज्ञांनी तिची ओळख अशी ठरविली की, दिवसाच्या आहाराचा चतुर्थांश किंवा अधिक भाग रात्रीच्या जेवणानंतर होत असेल, किंवा आठवड्यातून दोन वेळा तरी झोपेतून उठून खाल्ले जात असेल, तर तिचा विचार करावा. ज्यांना अशी सवय शस्त्रक्रियेपूर्वी होती, त्यांनी ती शस्त्रक्रियेनंतर आपोआप जाईल असे गृहीत धरू नये. त्याचप्रमाणे, किती खाल्ले यापेक्षा 'हात थांबतच नव्हता' ही भावना अधिक अर्थपूर्ण असते. दोनच बिस्किटे खाल्ली, पण ती लपून, रडत रडत आणि स्वतःला आवरता न येऊन खाल्ली, तर ती मानसोपचारतज्ज्ञाला सांगण्याजोगी गोष्ट आहे. तज्ज्ञांशी बोलून, विचारांची व सवयींची घडी नव्याने बसविण्याचे जे उपचार आहेत, त्यांचा अशा रोग्यांना गुण येतो. काहींना डॉक्टर भूक मंदावणारी औषधेही देतात; ती शेजाऱ्याला लागू पडली म्हणून स्वतः आणून घेऊ नयेत.

एक चूक मात्र सर्वांनी टाळावी. काल रात्री जास्त झाले, म्हणून आज कडकडीत उपास. त्या उपासाच्या पोटी आजची रात्र कालच्याहून वाईट जाते. आपल्या एकादशीचीही तीच तऱ्हा. दिवसभर निरंकार आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, हे लहान जठराच्या माणसासाठी कोणत्याच अंगाने हिताचे नाही. ज्यांना व्रत मोडवत नाही, त्यांनी दूध, दही, ताक यांच्या वेळा तरी चुकवू नयेत.

पुरुषमंडळींसाठी एक गोष्ट घाईने सांगून टाकते. सायंकाळच्या पेल्याचा प्रघात ज्यांना आहे, त्यांनी हे जाणून असावे की, बायपासनंतर मद्य रक्तात पूर्वीपेक्षा फार लवकर चढते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात असे आढळले की, मद्याच्या आहारी जाण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षात वाढते. पेल्याबरोबर येणारे खारे शेंगदाणे आणि शेव हा हिशेब वेगळाच. आणि जर कोणाला वारंवार उलट्या होत असतील, पाणीही पोटात ठरत नसेल, तर 'जास्त खाल्ले असेल' असे म्हणून घरी थांबू नये. अशा स्थितीत शरीरातील थायामिन हे जीवनसत्त्व झपाट्याने आटते आणि मेंदूस कायमची इजा होऊ शकते. त्याच दिवशी शल्यवैद्याकडे जावे. लोह, कॅल्शियम, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या सांगितलेल्या गोळ्या जन्मभर चालू ठेवावयाच्या असतात, हे येथे उच्चारून ठेवते.

आता शेवटी मी आपणा सर्वांकडे, म्हणजे या मंडळाकडे येते. आपल्या ज्ञातीत आग्रहाला फार मान आहे. पाहुण्याच्या पानात वाढल्याशिवाय यजमानीण सुखाने बसत नाही. 'अगं, इतकेच? आमच्याकडचे आवडले नाही वाटते?' हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते, पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसापुढे त्याला दोनच वाटा उरतात. एक, सत्य सांगावे. दुसरी, खावे. आणि सत्य सांगणे त्याला परवडत नाही, कारण सत्य सांगितले की पुढच्या हळदीकुंकवात त्याची चर्चा होते. 'घाम न गाळता पैसे देऊन बारीक झाली', 'मुलीच्या लग्नात सांगू नका हं, स्थळ मोडेल', अशी बोलणी माझ्या रोग्यांनी आपल्याच लोकांकडून ऐकली आहेत. तेव्हा ती भगिनी खाते, आणि मोरीत जाऊन उलटी करून येते. किंवा समारंभाला येणेच सोडते, आणि घरी एकटी बसून रात्री चरत राहते. माझ्याकडे येणाऱ्यांत काहींनी दोन-दोन वर्षे एकाही लग्नाला पाऊल टाकलेले नाही. ज्या आजारात माणसांचा सहवास हेच निम्मे औषध आहे, त्यात आपण माणसाला माणसांपासून तोडतो आहोत. शस्त्रक्रिया ही आळशाची पळवाट नाही. ती करून घेणाऱ्याने मोठी जोखीम पत्करलेली असते आणि पुढचे सारे आयुष्य मोजूनमापून जगावयाचे असते.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी तीन मागण्या ठेवते, आणि त्या आजच्या टिपणात नोंदवून घ्याव्यात अशी चिटणीसांना विनंती करते. आपल्या संमेलनाचे भोजन बक्षीससमारंभानंतर, रात्री साडेनऊ-दहाला होते. ते पुढील वर्षापासून बक्षीससमारंभापूर्वी, साडेसातला ठेवावे. मुलांनाही ते सोयीचे होईल. दुसरे, मोठ्या ताटांबरोबर फराळाच्या बशीएवढी लहान ताटेही मांडावीत, आणि ती कोणीही, कारण न सांगता, उचलावीत. वाढपाच्या यादीत एक घट्ट उसळ असावी. केवळ पुरी, भात आणि मिष्टान्न यांतून या माणसांनी काय निवडावे? तिसरे, वाढप करणाऱ्या तरुण मंडळींना बजावून सांगावे की, पानावर आडवा हात आला की पळी मागे घ्यावी. दुसऱ्यांदा विचारू नये.

प्रश्नोत्तरांसाठी आपण पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. उठून प्रश्न विचारणे ज्यांना अवघड वाटत असेल, त्यांच्यासाठी दाराजवळच्या मेजावर कागद आणि एक डबा ठेवला आहे. चिठ्ठीवर नाव लिहू नये. चहाला उठताना टाकली तरी चालेल. सर्वांनीच एकेक चिठ्ठी टाकली, कोरी का होईना, तर लिहिणाऱ्याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही.